पीनट बटरच्या बरणीतली बंदुकीची दारू

१८ ऑगस्ट १९८४, शनिवार, सकाळचे सव्वादहा. पेनसिल्व्हेनियातील एका पोलादी गावात भाड्याची खोली पाहण्यासाठी मी एका दुमजली घराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझे नाव विचारण्यापूर्वीच माझ्या हातात पत्र्याचे नरसाळे दिले आणि ते जिना चढू लागले. मी त्यांच्यामागून गेले, कारण हातात दुसऱ्याचे नरसाळे असताना दारात उभे राहण्याला काही अर्थ उरत नाही. वरच्या बाथरूममध्ये, टबात, दस्त्यापासून सुटी केलेली बंदुकीची लांबलचक नळी उभी होती. शेजारी वाफाळती किटली.

"नरसाळं तोंडावर धर. तू मात्र तोंडासमोर येऊ नको."

"नळी रिकामी आहे ना?"

"भरलेलीला सगळेच भितात. मी रिकामीला भिऊन राहिलो, म्हणून दहा बोटं शाबूत आहेत."

त्यांनी उकळते पाणी ओतले. बुडाजवळच्या बारीक छिद्रातून शाईसारखे काळे पाणी टबात पसरले आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला.

"कसला वास?" त्यांनी परीक्षकाच्या स्वरात विचारले.

"हायड्रोजन सल्फाइड. दारूतला गंधक जळून जे उरतं, त्यावर गरम पाणी पडलं की येणारच."

"खोली तुझी," ते म्हणाले. खोली मी अजून पाहिलेली नव्हती. पुढे कळले की त्या खोलीला जोडलेली बाथरूम हीच, आणि दर शनिवारी सकाळी, नेमबाजीच्या सरावानंतर, टबावर पहिला हक्क बंदुकीचा.

मी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करण्यासाठी पुण्याहून आले होते. ती चार वर्षांत संपवायची, पाचव्या वर्षी एकही दिवस द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. या योजनेत घरमालकांसाठी वेळ राखून ठेवलेला नव्हता. काकांनी (घरमालकांना मी असेच म्हणे) तो घेतला. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ज्या ज्या व्यक्तींचे आभार मानले आहेत त्यांत त्यांचे नाव नाही, आणि हे मी पूर्ण विचारांती केले आहे.

काका मूळचे नागपूरचे. साठच्या दशकाच्या आरंभी शिकायला आले, इथल्या पोलाद कारखान्यात धातुतज्ज्ञ म्हणून लागले, आणि कारखान्याच्या भट्ट्या एकेक करून विझू लागल्या तेव्हा मुदतीआधी निवृत्त झाले. त्यांचे काम होते मोडलेल्या वस्तू तपासण्याचे. तुटलेला दांडा, चिरलेली पट्टी, फुटलेला पाइप त्यांच्या टेबलावर येई आणि तो का मोडला हे काकांनी सांगायचे. निवृत्तीनंतर टेबलावर काही येईना, म्हणून ते घरातल्या वस्तूंकडे वळले. माझ्या छत्रीची काडी तुटली तेव्हा त्यांनी भिंग लावून अर्धा तास तिचे निरीक्षण केले आणि सांगितले, "फटीग. वारंवार वाकवल्यानं. तू छत्री जोरात मिटतेस." छत्री दुरुस्त करण्याची कल्पना त्यांना सुचली नाही. ते काम त्यांच्या खात्याचे नव्हते.

बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीशेजारी बंदुकीच्या नळीचा एक फुटलेला तुकडा ठेवलेला होता. केळ्याचे साल सोलावे तसे त्याचे पोलाद तीन बाजूंनी उलगडले होते. कोणा अनोळखी माणसाने ठासणीच्या बंदुकीत चुकीची दारू भरली होती, आणि तो तुकडा फिरत फिरत काकांकडे आला होता. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी तो दाखवला जाई. माणसाचे काय झाले, असे विचारले की काका म्हणत, "माणूस माझ्याकडे तपासायला पाठवला नव्हता." काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "अहो, पोहे होईपर्यंत तरी थांबा."

त्यांच्या या छंदाचे कारण आमच्या राज्याच्या कायद्यात होते. नाताळानंतर येथे हरणांच्या शिकारीचा एक छोटा हंगाम असतो आणि त्यात केवळ चकमकीवर पेटणारी ठासणीची बंदूक चालते. तोंडातून दारू ओतायची, कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, बाहेरच्या इवल्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, टाकायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकेवर पडते, रंजकेची ज्योत छिद्रातून आत जाते, आणि सर्व काही अनुकूल असेल तर गोळी सुटते. बहुधा सर्व काही अनुकूल नसे. मी ओळखू लागल्यापासून काकांनी एकही हरीण मारलेले नव्हते, आणि काकूंच्या म्हणण्यानुसार त्यापूर्वीही नाही. "हरणांना ह्यांचा हंगाम पाठ आहे," काकू म्हणत. "ते जंगलात गेले की सगळी इकडे येऊन माझी मेथी खातात."

मुख्य म्हणजे काका मांसाहार करीत नसत.

"मग जाता कशासाठी?" मी एकदा सरळ विचारले.

"तू प्रयोग करतेस, तो दर वेळी यशस्वी होतो?"

"नाही. पण तो यशस्वी व्हावा अशी माझी इच्छा असते."

"माझी नसते," काका म्हणाले. "एवढाच फरक."

अशा उत्तराशी वाद घालता येत नाही, आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही अशा माणसाबरोबर एका छताखाली राहणे किती दमवणारे असते हे इतरांना सांगून कळत नाही.

सुरक्षिततेच्या नियमांबाबत ते इतके कठोर होते की त्यांच्यासमोर मला माझी प्रयोगशाळा बेशिस्त वाटे. भिंतीवर टांगलेल्या, सुट्या केलेल्या बंदुकीच्या तोंडासमोरूनही ते कुणाला जाऊ देत नसत. गणपतीच्या आरतीला आलेली माणसे सोफ्याला वळसा घालून देवापर्यंत पोहोचत. ठासणीच्या गजावर त्यांनी दोन खुणा कोरल्या होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. बंदूक हातात घेतली की आधी गज आत सोडून खूण पाहायची. दारू ज्यात बाळगतात त्या पोकळ शिंगातून ती थेट नळीत ओतायची नाही, कारण आत निखारा राहिला असेल तर अख्खे शिंग हातात पेटेल. आधी पितळी मापात घ्यायची, शिंग बंद करून दूर ठेवायचे, मग ओतायची. हे सर्व नियम बरोबर होते. माझी तक्रार नियमांविरुद्ध नाही. ते आंधळेपणाने पाळण्याच्या पद्धतीविरुद्ध आहे, आणि जिथे ते पाळले जात नसत त्या एका जागेविरुद्ध आहे.

आंधळेपणाचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र मंडळाची १९८५ च्या उन्हाळ्यातली सहल. ती एका ओळखीच्या शेतावर होती, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी, बहुधा सौजन्य म्हणून, काकांना प्रात्यक्षिक दाखवण्याची विनंती केली. काकांनी टेकडीच्या मातीत लाकडी फळी रोवली, सर्वांना मागे रांगेत उभे केले, बंदूक भरली, चाप ओढला. रंजक पेटली, धूर निघाला, बार झाला नाही.

"कुणीही हलायचं नाही," काका वळून न पाहता म्हणाले. "आत ठिणगी धुमसत असू शकते. उशिरानं सुटते. निदान दोन मिनिटं थांबायचं."

भेळ कालवून झाली होती. मंडळाची साठ-सत्तर माणसे हातात कागदी बश्या घेऊन उभी राहिली. काकांनी बंदूक टेकडीकडे रोखलेली तशीच धरली. बराच वेळ गेला.

"काका, झालं का?" अध्यक्षांनी विचारले.

"झालं की तुम्हालाही कळेल."

"यार, भेळेचं पिठलं होतंय," मागून कुणीतरी म्हणाले. एका लहान मुलीने "कॅन वी ईट नाऊ?" असे दोनदा विचारले आणि तिच्या आईने तिला गप्प केले. शेवटी काकांनी वाटीत नवी रंजक टाकून पुन्हा चाप ओढला. बार झाला, पांढऱ्या धुराचा एवढा मोठा ढग उठला की फळीला गोळी लागली की नाही हे कुणालाच दिसले नाही, आणि भेळ संपूर्ण मऊ पडली होती. गाडीतून परतताना मी म्हणाले की दोन मिनिटांचे धोरण योग्य असले तरी जेवणापूर्वी प्रात्यक्षिक ठेवण्याचे नव्हते. काका म्हणाले, "भेळ पुन्हा करता येते."

दारू वजनाने मोजावी की मापाने, यावर आमचे दोन महिने वाजले. मी वजनावर वाढलेली आहे. प्रयोगशाळेतून लहान तराजू आणून मी त्यांच्या पितळी मापातली दारू दहा वेळा तोलली आणि आकड्यांतली तफावत त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी तो कागद शांतपणे वाचला.

"तू मापात ओतताना टिचकी मारलीस?"

"कधी मारली, कधी नाही."

"मग ही तफावत दारूची नाही. तुझ्या टिचकीची आहे."

काळी दारू परंपरेने मापानेच मोजतात आणि थोड्या कमीजास्तीने नळीचे बिघडत नाही, हे मला नंतर वाचनातही आढळले. ते बरोबर होते हे मी तेव्हाच मान्य केले. परंतु ते बरोबर असताना ज्या समाधानाने लोणच्याची फोड चोखत, ते पाहवत नसे.

आधुनिक, बिनधुराच्या दारूविषयी त्यांचे मत ठाम होते आणि ते इथे मांडणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रकार त्यावरच उभा आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती भस्सकन जळते, खूप धूर करते, नळीत काजळी सोडते, आणि जो दाब निर्माण करते तो जुन्या पद्धतीच्या नळीला पेलतो. बिनधुराची दारू मुळात वेगळे रसायन आहे. ती कोंडली गेली की दाब चढतच जातो, म्हणून ती काडतुसात, तिच्यासाठी बनवलेल्या बंदुकीतच वापरायची, आणि तीही काटेकोर वजन करून. तीच दारू, तेच माप भरून, ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते. "पणतीत पेट्रोल घालण्यासारखं आहे," काका म्हणत, आणि कपाटातल्या तुकड्याकडे बोट दाखवत. हे व्याख्यान मी किती वेळा ऐकले ते मोजलेले नाही. त्यात शास्त्रीय चूक एकदाही सापडली नाही.

आता ती जागा, जिथे नियम लागू नव्हते. त्या घरात कोणत्याही डब्यात त्या डब्यावर लिहिलेली वस्तू नसे. आइस्क्रीमच्या बादलीत चिवडा, कॉफीच्या डब्यात हळद, लोण्याच्या डबीत आदल्या दिवशीची उसळ. आपल्या लोकांच्या सर्वच घरांत हे चालते; माझ्या आईकडेही चालते, आणि त्यात काही गैर नाही, कारण उसळ फुटत नाही. परंतु काकांनी हीच पद्धत गॅरेजमध्ये नेली होती. दुकानातून आणलेला दारूचा पत्र्याचा डबा ते उघडत, दारू पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत ओतत आणि मूळ डबा, त्यावरच्या नावासकट आणि लाल अक्षरांतल्या सूचनेसकट, फेकून देत.

"मूळ डब्यातून काढायची नाही, असं त्या डब्यावरच लिहिलेलं असतं," मी म्हणाले.

"डब्याचं तोंड बारीक असतं. सांडते."

"निदान बरणीवर लेबल लावा."

"कशाला? मला माहीत आहे कशात काय आहे."

"मला माहीत नाही."

"तू गॅरेजमध्ये कुकर लावतेस काय?"

मी स्वतः लेबले लिहून आणली. ती सहा महिने माझ्या टेबलावर राहिली. काकूंना मध्यस्थी करायला सांगितले तर त्या म्हणाल्या, "अगं, मी एवढ्या वर्षांत जिऱ्याच्या बरणीवर जिरं लिहिलं नाही, ते कसले लिहितायत."

१९८५ च्या शरद ऋतूत शेजारच्या वॉल्टरने घर विकले. तो काकांच्याच कारखान्यात क्रेन चालवीत असे. आता जानेवारीत बायकोसह फ्लोरिडाला जाणार होता. तोही शिकारी, पण नव्या बंदुकीचा. तळघरात बसून आपली काडतुसे आपणच भरी आणि गेली कित्येक वर्षे कुंपणावरून काकांची थट्टा करी: "तुझी बंदूक वाजेपर्यंत हरीण म्हातारं होऊन मरतं." काका त्याला दर वर्षी ठासणीच्या हंगामाचे निमंत्रण देत आणि तो दर वर्षी नाकारी. या वर्षी त्याने होकार दिला. जाण्यापूर्वी एक दिवस, काकांची दुसरी बंदूक घेऊन, तो त्यांच्याबरोबर येणार होता.

काकांना झालेला आनंद त्यांच्या वागण्यात भयंकर स्वरूपात प्रकटला. त्यांनी वॉल्टरसाठी नवे शिंग घासून तयार केले, कापडाचे तुकडे कापले, काकूंकडून नारिंगी लोकरीचा मफलर विणून घेतला आणि वॉल्टरला दोन रविवार अंगणात उभे करून, दारूविना, चाप ओढण्याची तालीम दिली. वॉल्टर हसत सर्व करी. त्याच आठवड्यांत त्याने सामान बांधताना काडतुसे भरायची आपली उरलेली बिनधुराची दारू काकांना आणून दिली. कुणाला हवी असेल त्याला दे, तो म्हणाला. काकांनी ती नाकारली नाही. तिचा मूळ डबा गंजलेला होता. त्यांनी ती पीनट बटरच्या दुसऱ्या बरणीत ओतली.

हे मला नाताळच्या दिवशी दुपारी कळले, आणि तेही मेतकुटामुळे. काकूंनी ताजे मेतकूट दळून एका बरणीत भरले होते आणि ती बरणी माझ्या नाकाखाली धरली.

"बघ गं, वास येतोय का कसला? परवाच ह्यांनी रिकामी बरणी दिली. दोनदा धुतली मी."

वास येत होता. गंधकाचा नव्हता. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, अगदी पुसट. बिनधुराची दारू बनवताना वापरलेल्या द्रावकाचा वास असा असतो. गंधकाचा असता तर मी फक्त चिडले असते.

"काकू, हे मेतकूट टाकून द्या."

"अख्खं?"

"अख्खं."

काका बैठकीत बूट पॉलिश करीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉल्टर येणार होता. मी विचारले की काकूंना दिलेल्या बरणीत पूर्वी काय होते. काही नव्हते, ते म्हणाले, रिकामीच होती. कशी रिकामी झाली? ते आठवत नाही. वॉल्टरने काही दिले होते का? तेव्हा ते वॉल्टरच्या दारूबद्दल बोलले, असे की जणू त्याने सुतळीचे बंडल दिले होते.

"ती आता कुठे आहे?"

"शेल्फवर."

गॅरेजमधल्या शेल्फवर एकच बरणी होती. आम्ही दोघेही तिच्यापुढे उभे राहिलो.

"म्हणजे मी ती लॉनवर खत म्हणून टाकली असेन," काका म्हणाले.

"टाकली, की टाकली असेन?"

"असेन."

"वॉल्टरचं शिंग कधी भरलंत?"

"गेल्या आठवड्यात. आधी अर्धं भरलेलं होतं, मग वरपर्यंत भरलं. काळ्या दारूनं भरलं. मला दारू ओळखू येते."

"कशावरून?"

"नजरेनं."

मी शिंगातली चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहिली. काळे, चकचकीत कण. काही अधिक गोल वाटले, काही नाही. दोन्ही जातींच्या दारूवर ग्रॅफाइटचा लेप असतो. शपथेवर काही सांगता आले नसते. मी तसे सांगितले आणि सर्व दारू फेकून द्या म्हणाले. नाताळ असल्यामुळे एकही दुकान उघडे नव्हते, त्यामुळे फेकणे म्हणजे उद्याचा दिवस रद्द करणे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"तुझ्या नाकावरून मी वॉल्टरला नाही म्हणू?" काकांचा आवाज प्रथमच चढला. "तो वीस वर्षांनी हो म्हणाला. आठ दिवसांनी तो जातो. पुन्हा कोण येऊन राहिलंय? तुझ्या वासावर काय रिपोर्ट लिहू मी?"

"तुम्हाला तुमचा हात घालवायचा असेल तर तो तुमचा आहे. वॉल्टरचा कुणाचा?"

त्यांनी शिंगाचे बूच लावले. मग म्हणाले, "नजर माझ्याकडेही आहे, नाक माझ्याकडेही आहे. तुझ्याकडे लॅब आहे. आकडा आण."

मी म्हणाले की आणते. नाताळचा दिवस, माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण अर्धवट, आणि मी पीनट बटरच्या बरणीचे पृथक्करण करायला निघाले होते. गाडी काकांनी चालवली, ताशी पंचवीस मैलांनी, कारण दारूचे तीन नमुने लहान डब्यांत माझ्या मांडीवर होते. प्रत्येक वळणावर ते "धरलंय ना नीट?" असे विचारीत.

प्रयोगशाळेत कुणी नव्हते. काकांनी आपल्या चष्म्यावर सुरक्षेचा चष्मा चढवला, मला माझा घालायला लावला, आणि जेवणाचा डबा उघडून पोळी-भाजी खायला निघाले तेव्हा मी त्यांना कॉरिडॉरमध्ये पाठवले. पद्धत मी त्यांना समजावून सांगितली होती. काळ्या दारूत पाऊण हिस्सा सोरा असतो आणि तो पाण्यात विरघळतो. कोळसा आणि गंधक विरघळत नाहीत. म्हणजे एक ग्रॅम शुद्ध काळी दारू कोमट पाण्याने नीट धुतली, गाळली, मंद आचेवर सुकवली, तर पाव ग्रॅम उरायला हवी. बिनधुराची दारू पाण्यात विरघळत नाही; ती ग्रॅमच्या ग्रॅम उरते. उरलेले वजन पावाच्या जितके वर, तितकी भेसळ; निम्मी भेसळ म्हणजे ०.६ च्या थोडे वर.

तीन नमुने होते: शेल्फवरची बरणी, काकांचे शिंग, वॉल्टरचे शिंग. ते त्याच क्रमाने घेतले.

बरणी: ०.२५.

काकांनी दारातून आकडा ऐकला आणि मान हलवली. काकांच्या शिंगातला नमुना सुकायला तेवढाच वेळ लागला: ०.२६.

"झालं," काका म्हणाले आणि टोपी उचलली. "लॉनवर टाकली होती, तेच खरं. आता चल. काकूंचं मेतकूट मात्र तू फुकट घालवलंस."

"तिसरा नमुना गाळायचा आहे."

"तीच दारू, त्याच बरणीतली. तुला थीसिसला उशीर होतो म्हणून दिवसभर ऐकवतेस, आणि आता एका चमच्यासाठी बसून राहिली."

मी वॉल्टरच्या शिंगातला ग्रॅमभर नमुना पाण्यात टाकला, ढवळला, गाळण्याच्या कागदावर ओतला आणि वरून पुन्हा पाणी घातले. काळे पाणी खाली गेले. आधीच्या दोन कागदांवर मऊ, निस्तेज गाळ उरला होता. या कागदावरही गाळ होता, परंतु त्यात कण होते. सुटे, गोल, पाण्याने अधिकच चकचकीत झालेले. विरघळणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

काका माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातले भिंग काढले आणि कागदावर वाकले. मोडलेला दांडा समोर आल्यावर ते कारखान्यात असेच वाकत असावेत. शिंग अर्धे भरलेले असताना, दोन सारख्या बरण्यांपैकी हाताला आली ती उचलून त्यांनी ते वरपर्यंत भरले होते. हे मी सांगितले नाही, त्यांनीही नाही.

"फोन कुठे आहे?" त्यांनी विचारले.

मी कागद सुकायला ठेवला. कॉरिडॉरमधून त्यांचे इंग्रजी स्पष्ट ऐकू येत होते. वॉल्ट, उद्या नाही. नाही, तब्येत बरी आहे. दारू बिघडलेली नाही, मी बिघडवली. तुझी माझ्यात मिसळली. नंतर बराच वेळ ते ऐकत होते. वॉल्टर हसत होता की चिडला होता, ते मला कळले नाही. हो, काका म्हणाले, तुझंच शिंग. मफलर मात्र ठेव, फ्लोरिडात कशाला लागणार ते मला माहीत नाही, पण ठेव.

ते आत आले आणि स्टुलावर बसले. दोन्ही चष्मे अजून चढवलेलेच होते.

"कळवलंत?"

"कळवलं."

"मग वजन करण्याची आता गरज नाही," मी म्हणाले. मला खरोखर घरी जायचे होते. "कागदावर दिसतंच आहे."

"दिसलं म्हणून मी आयुष्यात रिपोर्ट दिला नाही. गेल्या आठवड्यात एकदा दिला." त्यांनी तराजूकडे हनुवटीने खूण केली. "कागद सुकला की तोल. त्याच्या हातात मी काय देणार होतो ते किती होतं, ते मला हवंय."

कागद सुकेपर्यंत आम्ही दोघे थांबलो. मग मी तो तराजूवर ठेवला, काच ओढली, काटा स्थिर होऊ दिला, कोऱ्या कागदाचे वजन वजा केले आणि नोंद केली.

वॉल्टरचे शिंग: ०.६३.